लोकप्रिय वामनराव लाखे

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईस पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि चाकरीच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे छत्तीसगडात येऊन स्थिरावली. परंतु श्रोतेहो, मराठी माणसाचे या भूमीशी असलेले नाते त्याहून पुष्कळच जुने आहे. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरास राज्य करीत होते, तेव्हा ते नाते सत्तेचे होते. पुढे ते सेवेचे कसे झाले, हे पाहावयाचे असेल तर भिलाईच्या शेजारच्या रायपूर शहराच्या एका नगराध्यक्षाचे स्मरण करावयास हवे. ते म्हणजे वामनराव लाखे.

लाखे यांचा जन्म १८७२ सालचा. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर त्याचे संपादक आणि लाखे प्रकाशक. तिघांचीही मातृभाषा मराठी. परंतु ज्या लोकांत राहावयाचे, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावे, हा धडा त्यांनी घालून दिला.

लाखे पुढे रायपुरास वकिली करू लागले. त्या काळी शेतकऱ्याला बियाण्यासाठीही सावकाराचे दार ठोठवावे लागे. १९१३ साली लाखे यांच्या पुढाकाराने रायपुरात सहकारी बँक स्थापन झाली, आणि सहकाराचे हे कार्य त्यांनी पुढे दीर्घकाळ सांभाळले. नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांना दोनदा लाभले.

सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ ही पदवी दिली होती. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती परत केली. तेव्हा रायपूरकरांनी आपली स्वतःची पदवी त्यांना अर्पण केली : ‘लोकप्रिय’. १९३० च्या सविनय कायदेभंगात शहराच्या पाच पुढाऱ्यांना लोक पांडव म्हणू लागले. त्यांतले युधिष्ठिर लाखे होते. साठीकडे झुकलेल्या या युधिष्ठिराला कारावासही चुकला नाही.

१९४८ साली ते निवर्तले. स्वातंत्र्य त्यांनी पाहिले, भिलाईच्या भट्ट्या मात्र पाहिल्या नाहीत. रायपुरात आज लाखेनगर नावाची वस्ती आहे. सरकारने दिलेली पदवी त्या नावामागे नाही, आणि तिची उणीव कोणास भासतही नाही.