एमएस-सीआयटी झालंय का?

महाराष्ट्रात लिपिक भरतीची जाहिरात उघडली की पदवीच्या खाली दोन अटी हमखास दिसतात : ‘मराठी टंकलेखन ३० श.प्र.मि. (शब्द प्रति मिनिट), इंग्रजी ४० श.प्र.मि.’ आणि ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण’. पहिली टाइपरायटरच्या जमान्यातली, दुसरी, म्हणजे संगणक-साक्षरतेच्या राज्यस्तरीय दाखल्याची, अलीकडची.

संगणकाचे दाखले एमएस-सीआयटीआधीही मिळत होतेच. एनआयआयटी १९८१ मध्ये निघाली, ॲप्टेक १९८६ मध्ये. केंद्र सरकारच्या डोएक या संस्थेची ‘ओ’ लेव्हल, ‘ए’ लेव्हल होती. पण ही वाट प्रोग्रामर होऊ पाहणाऱ्या शहरी पोरांची, आणि फी खिशाला जड. तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी यांना त्यात जागा नव्हती.

२००१ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, उभं राहिलं. सीडॅकमधून आलेले विवेक सावंत त्याचे प्रमुख झाले. महामंडळाने इमारती बांधत न बसता गावोगावच्या खासगी क्लासवाल्यांनाच ‘अधिकृत अध्ययन केंद्र’ करून टाकलं. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महामंडळाचा, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची, गाळा क्लासवाल्याचा. खरी अक्कल इथे दिसते. एसटी स्टँडसमोरच्या दुकानगाळ्यात मराठीतून विंडोज, वर्ड, एक्सेल शिकता येऊ लागलं. शंभरपैकी पन्नास गुण वर्गातल्या कामाचे, पन्नास ऑनलाइन परीक्षेचे. दोन्हीकडे किमान वीस हवेत. प्रोग्रामिंगचा पत्ता नाही, आणि ते बरंच झालं.

तरी गर्दी लोटली ती ज्ञानाच्या ओढीने, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. शासनाने भरतीला ही अट घातलीच, शिवाय नोकरीत असलेल्यांनाही मुदत दिली आणि चुकवली तर वेतनवाढ रोखण्याची तंबी दिली. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट मिळाली. पंचेचाळिशीतल्या गुरुजींना मात्र आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या शेजारी बसून माउस धरावा लागला. मुदती वाढल्या, दिलेल्या वेतनवाढींच्या वसुलीचे वाद निघाले, शिक्षक संघटनांची निवेदनं सुरू राहिली. तरुणांना नोकरीची वाट दाखवणारा कागद नोकरदारांच्या मात्र मानेवर बसला होता.

टाइपरायटरने तरीही लगेच हार मानली नाही. त्याच्यावरची सरकारी परीक्षा २०१७ पर्यंत चालली. नंतर राज्य परीक्षा परिषदेने ती पूर्णपणे संगणकावर नेली आणि टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्यांनी जुनी यंत्रं भंगारात काढली. वेगाची मोजपट्टी मात्र तीच राहिली : ३० आणि ४०.