वेढा आणि फितुरी

क्षयरोगाशी माणसाचे वैर फार जुने. आपल्या पुराणांनी तर दक्षाच्या शापाने प्रत्यक्ष चंद्रालाही हा रोग जडविला. पण ह्या वैराचा इतिहास चाळताना मला खरे नवल वाटते ते शरीराच्या युक्तीचे.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. पुढे कळले, की हा जंतू ज्यांच्या अंगात शिरतो त्यांतले शेकडा नव्वद लोक कधी आजारीच पडत नाहीत. शरीर त्याला ठार करू शकले नाही, तरी पेशींची गाठ बांधून कोंडून ठेवते. भक्षक पेशी ह्या वेढ्यातले शिपाई आणि सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांचे सरदार. सरदार जागे असतील, तर वेढा जन्मभर टिकतो.

१९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जो विषाणू सापडला, तो एचआयव्ही, नेमका ह्या सरदारांनाच गाठतो. त्यातही क्षयजंतूला ओळखणारे सरदार लवकर पडतात. मग वेढा सैल होतो. एरवी सबंध आयुष्यात शेकडा पाच ते दहा असणारा धोका आता दरसालचाच होऊन बसतो. खरी फितुरी तर पुढेच आहे. क्षयाशी झुंजण्यासाठी शरीर पेशींना चेतविते आणि एचआयव्ही फोफावतो तो चेतलेल्या पेशींतच! एका शत्रूवर काढलेली फौज दुसऱ्याच्या घरी पाणी भरते.

ह्याचा भीषण प्रत्यय २००५-०६ साली दक्षिण आफ्रिकेतील तुगेला फेरी येथे आला. बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या ५३ रोग्यांपैकी ५२ दगावले. एचआयव्हीसाठी तपासलेल्या ४४ जणांत एकही सुटला नव्हता.

तरी डॉक्टर बिचकत. एचआयव्हीवर लगेच औषध द्यावे, तर परतलेले सरदार दडलेल्या जंतूंवर असे तुटून पडतात, की रोगी कधीकधी अधिकच खालावतो. क्षयाचा उपचार आधी पुरा करावा काय? डर्बनमधील ६४२ रोग्यांवरच्या प्रयोगाने २०१० साली उत्तर दिले: दोन्ही उपचार जोडीने चालविले, तर मृत्यू शेकडा ५६ने घटतात.

म्हणूनच आपल्याकडेही क्षय निघाला की एचआयव्हीची तपासणी सुचवितात. घरच्या माणसांनी तेव्हा मान खाली घालू नये. वेळेवर कळले, तर दोन्ही शत्रूंवर एकदमच चालून जाता येते.