ग्राफिक्स कार्ड नसले तरी लिनक्सवर गेम खेळता येतात

नाशिक - विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११च्या अटींत न बसणारे अनेक संगणक त्यामुळे लिनक्सकडे वळविता येण्याजोगे आहेत. मात्र अभ्यास आणि करमणूक या दोहोंसाठी घरात एकच संगणक असतो, तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न असतो, 'यावर गेम चालतील का?' स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावरही काही बदल केल्यास या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी देता येते.

अडचण कोठे असते?
स्वतंत्र कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते. प्रोसेसरमध्येच सामावलेले ग्राफिक्स मात्र संगणकाची मुख्य रॅम वापरते. त्यामुळे रॅम किती आहे, याइतकेच ती कशी बसविली आहे, हेही महत्त्वाचे ठरते. २४०० गतीची डीडीआर-४ रॅमची एकच पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइट माहिती पुरविते. तशाच दोन पट्ट्या ड्युएल चॅनेल पद्धतीने लावल्यास हा आकडा ३८.४ होतो. म्हणजे आठ जीबीच्या एका पट्टीपेक्षा चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या गेमसाठी अधिक उपयुक्त ठरतात. बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी जास्त रॅम राखून ठेवल्याने मात्र बहुधा वेग वाढत नाही; उलट इतर कामांसाठी रॅम कमी पडते.

ड्रायव्हर तपासा
इंटेल आणि एएमडी यांच्या ग्राफिक्सचे मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आणि 'मेसा' या संचात असतात. ते वेगळे उतरवून घ्यावे लागत नाहीत. प्रणाली अद्ययावत ठेवली, की पुरते. सेटिंग्जमधील 'अबाउट' या पानावर ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असे नाव दिसल्यास ड्रायव्हर चालू नाही आणि चित्रे काढण्याचे काम प्रोसेसरवर पडले आहे, असे समजावे. हा दोष दूर केल्याविना अन्य उपाय व्यर्थ होत.

विंडोजचे गेम
वाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणल्यापासून विंडोजचे असंख्य गेम स्टीममधून लिनक्सवर चालू लागले. त्यातील 'डीएक्सव्हीके' हा भाग डायरेक्ट-एक्सच्या आज्ञांचे व्हल्कन या भाषेत रूपांतर करतो. त्याच्या २०२२ पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर ही सोय आहे. त्याहून जुन्या संगणकावर 'सुपरटक्सकार्ट'सारखे मूळ लिनक्सचेच गेम निवडणे श्रेयस्कर. 'व्हॅलोरंट' मात्र त्याच्या गैरप्रकार रोखणाऱ्या यंत्रणेमुळे लिनक्सवर चालत नाही.

वेग कसा वाढवावा?
१९२० बाय १०८० या रेझोल्यूशनमध्ये पडद्यावर २० लाखांहून अधिक बिंदू असतात. १२८० बाय ७२० मध्ये ते सुमारे नऊ लाख २२ हजारांवर येतात. ग्राफिक्सवरील भार निम्म्याहून कमी करणारा हा उपाय बिनखर्ची आहे. चित्र फार धूसर वाटल्यास 'गेमस्कोप' या साधनातील एफएसआर सुविधेने ते काहीसे सुधारता येते. त्यानंतर सावल्या आणि अँटी-एलियासिंग कमी करावे.

फेरल इंटरॅक्टिव्हचे 'गेममोड' खेळापुरती प्रोसेसरची गती वाढविते. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स विजेच्या एकाच मर्यादेत काम करतात. प्रोसेसरने जास्त वीज घेतली, तर ग्राफिक्सच्या वाट्याला कमी येते. म्हणून प्रोसेसर सतत कमाल गतीवर ठेवणे नेहमीच लाभदायक नसते. 'मँगोहड'ने सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा घातल्यास खेळ अधिक स्थिर वाटतो आणि यंत्रही कमी तापते.

उष्णतेकडे लक्ष
नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःची गती आपणहून उतरवितो. पहिली दहा मिनिटे सुरळीत चाललेला गेम नंतर अडखळू लागतो, तो बहुधा यामुळेच. पंख्यातील धूळ काढावी, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा आणि खेळताना चार्जर जोडलेला असावा. नवा संगणक घेण्याचा निर्णय एवढे करून पाहिल्यानंतरच घ्यावा.