नौदलासाठी लावलेले ओक

झाड लावताना आपण पहिला प्रश्न विचारतो: याचा उपयोग काय? ओकच्या बाबतीत गंमत अशी, की उत्तर देणारा माणूस ते खरं ठरलं का हे बघायला उरतच नाही. चांगलं लाकूड तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. इंग्लंडमधल्या ‘फॉरेस्ट ऑफ डीन’चा इतिहास म्हणूनच वाचण्यासारखा आहे.

‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेला सुमारे ६,००० झाडं लागली होती, त्यातली बहुतेक ओकची. नेपोलियनशी युद्धं चालू असताना ओक कमी पडू लागला. १८०२ मध्ये नेल्सनने डीनचं जंगल पाहिलं आणि त्याच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं. (याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधत होती. १८१७ सालचं ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.) १८०८ च्या कायद्याने डीनमधली ११,००० एकर जमीन कुंपणात घेऊन ओक लावायचं ठरलं.

लावणं सोपं, जगवणं अवघड. १८१३-१४ मध्ये उंदरांनी रोपांचा फडशा पाडला. शेवटी तोंडाशी अरुंद आणि तळाला रुंद असे खड्डे खणले गेले. त्यात पडलेला उंदीर वर चढू शकत नसे. दुसरा धोका गुराढोरांचा. पण ही गुरं कुणाची होती? पिढ्यानपिढ्या त्या रानात चराई करणाऱ्या गरीब लोकांची. झाडं मोठी झाली तरी कुंपणं निघेनात, तेव्हा १८३१ मध्ये वॉरन जेम्स या खाणकामगाराच्या पुढाकाराने लोकांनी ती मोडली. त्याला टास्मानियाला हद्दपार केलं गेलं. तो परत आला नाही. ओकच्या हिशेबात ही किंमत सहसा धरली जात नाही.

आणि एवढं करून? १८६० मध्ये लोखंडी ‘वॉरियर’ पाण्यात उतरली. तेव्हा ही झाडं जेमतेम पन्नाशीची होती!

पण झाडं तर उभी होती. कोवळे ओक दाट ठेवले की प्रकाशासाठी सरळ वर जातात आणि खालच्या फांद्या आपोआप मरतात. मग टप्प्याटप्प्याने विरळणी करायची. एकदम मोकळीक दिली तर खोडावर बारीक फुटवे येतात, लाकडात गाठी होतात. लाकडासाठी हे उत्तम, पण पक्ष्यांना ढोल्या हव्या असतात, आणि सरळ, निरोगी, तरुण खोडात ढोली कुठून येणार?

डीनमधल्या नॅग्सहेड भागात १८१४ च्या सुमारास लावलेले ओक आहेत. तिथे १९४२ मध्ये घरट्यांच्या पेट्या टांगल्या गेल्या. हेतू व्यवहारी होता: पक्ष्यांनी ओकची पानं खाणाऱ्या अळ्या फस्त कराव्यात. त्या पेट्यांमध्ये पश्चिम आफ्रिकेतून येणारा काळा-पांढरा माशीमार, म्हणजे पाइड फ्लायकॅचर, घरटी करू लागला. आज नॅग्सहेड पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे.

पेटी ही ढोलीची उसनवारी झाली. वाळकं लाकूड आणि त्यातले किडे ती देऊ शकत नाही. म्हणून तरुण ओकबनात विरळणी करताना चांगल्या खोडांसोबत काही वाकडी, फांद्यांची, ‘बिनकामाची’ झाडंही मुद्दाम राखावीत. शंभर वर्षांनी कशाची गरज पडेल हे १८०८ मध्ये कुणाला सांगता आलं नव्हतं, आपल्यालाही येणार नाही.