क्लारा बॉग

आयर्लंडच्या मध्यभागी, ऑफली काउंटीतील क्लारा गावाच्या दक्षिणेस असलेली संरक्षित घुमटाकार दलदल व निसर्ग राखीव क्षेत्र. क्षेत्रफळ सु. ४६० हेक्टर. पश्चिम युरोपात बऱ्याच अंशी मूळ स्थितीत टिकलेल्या मोजक्या घुमटाकार दलदलींपैकी ही एक मोठी दलदल होय.

निर्मिती : हिमयुग संपल्यावर, सु. १०,००० वर्षांपूर्वी, येथील खोलगट भागात उथळ सरोवर होते. काठच्या पाणवनस्पती मरून तळाशी साचत गेल्या. पाण्याखाली ऑक्सिजन अपुरा असल्याने त्या पूर्ण कुजल्या नाहीत व त्यांचे पीट बनले. सरोवर भरून आल्यावर त्यावर स्फॅग्नम शेवाळ वाढू लागले. थर आसपासच्या जमिनीहून उंच गेला, तसा पृष्ठभागाचा भूजलाशी असलेला संबंध तुटला आणि दलदल मुख्यतः पावसाच्या पाण्यावर पोसली जाऊ लागली. काही ठिकाणी पीट सु. १० मी. जाड आहे.

जीवसृष्टी : पाणी आम्लधर्मी व क्षारांच्या दृष्टीने निकृष्ट असल्याने येथे मोजक्याच वनस्पती तग धरतात. स्फॅग्नम आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. कासच्या पठारावर आढळणाऱ्या दवबिंदूच्या प्रजातीतील कीटकभक्षी वनस्पती येथेही असून त्या नायट्रोजनची उणीव कीटक पचवून भरून काढतात. कापूसगवत, हेदर, क्रॅनबेरी या इतर वनस्पती होत. खनिजयुक्त पाणी झिरपते तेथे बर्चची झाडेही वाढली आहेत. बेडूक, सरडे व चंडोल येथे आढळतात.

ऱ्हास व संरक्षण : दलदलीतून काढलेल्या रस्त्यामुळे तिचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले असून रस्त्यालगतची जमीन खचली आहे. कडेने पिढ्यान्‌पिढ्या जळणासाठी पीट कापले गेले. १९८० च्या दशकाच्या आरंभी पूर्व भागात पीट काढण्यासाठी चर खणण्यात आले. संवर्धनाच्या मागणीनंतर १९८७ मध्ये निसर्ग राखीव क्षेत्र स्थापन झाले व १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. पुढे आयरिश व डच शास्त्रज्ञांनी येथील जलव्यवस्थेचा संयुक्त अभ्यास केला. चर बुजवून पाण्याची पातळी वाढविण्यात आली. अभ्यागतांसाठी येथे लाकडी पायवाट आहे.

महत्त्व : ओले पीट कार्बन साठवून ठेवते; ते वाळले की कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. पीटचा थर वर्षाला सरासरी सु. १ मिमी. इतकाच वाढत असल्याने अशा दलदलींची हानी होऊ न देणे हाच त्यांच्या रक्षणाचा खात्रीचा मार्ग होय.