नसलेल्या मुलखाची मोजणी

जो मुलूख पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाही, त्याचा नकाशा काढणाराने मोजणीखात्याच्या कारकुनापेक्षाही दक्ष असावे, असा या कलेचा जुना दंडक आहे. कारण खऱ्या नकाशात चूक राहिली तर जागेवर जाऊन ती दुरुस्त करता येते, कल्पित मुलखाला मात्र नकाशाखेरीज दुसरा दस्तऐवजच नसतो.

आपल्याकडील जंबुद्वीपाचे वलयांकित पट या सदरात जमा करणे न्याय्य नव्हे, कारण ते रेखाटणाऱ्यांना ती विश्वरचना सत्यच वाटत होती. देश अस्तित्वात नाही हे पुरते ठाऊक असताना त्याचे किनारे आखण्याचा प्रकार युरोपात टॉमस मोर याच्या ‘युटोपिया’बरोबर १५१६ साली छापखान्यात शिरला, आणि १६५४ मध्ये मादलेन द स्क्युदेरी या फ्रेंच विदुषीने आपल्या ‘क्लेली’ कादंबरीत चक्क प्रीतीच्याच मुलखाचा नकाशा घातला, ज्यात अनुरागाची नदी आहे, प्रेमपत्रांचे गाव आहे आणि वाट चुकलेल्यांसाठी औदासीन्याचे सरोवरही आहे.

परंतु या विद्येला खरे तेज चढले ते स्कॉटलंडातील ब्रेमार या गावी. १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात घरात कोंडून पडलेल्या आपल्या सावत्र मुलाच्या संगतीत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने जलरंगांनी एक बेट रंगविले, आणि त्या कागदावरील खाड्या व झाडी न्याहाळता न्याहाळताच त्याला ‘ट्रेझर आयलंड’मधील पात्रे दिसू लागली, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. पुढे पुस्तक छापण्याच्या वेळी ते अस्सल चित्र प्रकाशकाकडे पोहोचलेच नाही असे आढळले, तेव्हा बिचाऱ्या लेखकावर आपल्याच कथेची पाने उलटून, तीतील प्रत्येक उल्लेखाशी ताळा घालून, नकाशा नव्याने सिद्ध करण्याची पाळी आली. हे काम त्याच्या वडिलांच्या कचेरीत झाले. वडील दीपगृहे बांधणारे नामांकित अभियंता. त्यांनी कथेतील चाचा कॅप्टन फ्लिंट याची सही मोठ्या हौसेने बनावट केली, आणि समुद्रात फवारे उडविणारे देवमासेही उमटले. ज्या कचेरीत खऱ्या खडकांवरील दिव्यांचे आराखडे होत, तेथे एका चाच्याचे खोटे दफ्तर तयार व्हावे, यात मला मोठी गंमत वाटते. स्टीव्हन्सनला मात्र ही नक्कल कधीच आपली वाटली नाही.

जे. आर. आर. टॉल्किन याने आधी नकाशा आणि त्याबरहुकूम कथा असा क्रम धरला, चौकटी आखलेले कागद डिंकाने जोडीत आपला मुलूख वाढविला, आणि पथिकांच्या मजला चंद्राच्या कलांशी पडताळून पाहिल्या. त्याचा पुत्र ख्रिस्तोफर याने त्या कथेच्या १९५४ च्या आवृत्तीसाठी जे नकाशे रेखाटले, त्यांतील डोंगर बाजूने पाहिल्यासारखे उभे दिसतात. ही पद्धत सोळाव्या शतकाची. सरकारी मोजणीने ती केव्हाच मोडीत काढून समोच्चरेषा स्वीकारल्या होत्या, पण कल्पित भूगोलाने तिला आजतागायत आश्रय दिलेला आहे.

आता हे काम संगणकाच्या पडद्यावर चालते. फोटोशॉप १९९० साली आले आणि १९९४ मध्ये त्यात थरांची सोय झाली, त्यामुळे समुद्र, जमीन व अक्षरे वेगवेगळ्या पारदर्शक पानांवर ठेवून एकाला धक्का न लावता दुसरे पुसणे शक्य झाले. शिकाऊ माणसाला पहिला धडा मिळतो तो ढगांचा: काळ्यापांढऱ्या धुराचे एक पटल निर्माण करावे, मग ‘थ्रेशोल्ड’ची कळ सरकवून अमुक मर्यादेहून उजळ ते पांढरे आणि उरलेले काळे असा निवाडा द्यावा, क्षणार्धात दंतुर किनाऱ्याचे खंड वर येते. यंत्राने असा नैसर्गिक दिसणारा ओबडधोबडपणा जन्माला घालण्याची एक गणिती रीत केन पर्लिन याने १९८५ साली प्रसिद्ध केली. ‘ट्रॉन’ या चित्रपटासाठी काम करताना संगणकी चित्रांचा अतिगुळगुळीतपणा त्याला खटकला होता.

किनारा असा फुकट मिळतो, नदी मिळत नाही. धुराच्या पटलाला उतार ठाऊक नसतो, आणि नवशिक्याची नदी हमखास डोंगर ओलांडते, किंवा समुद्राकडे जाताना वाटेतच दुभंगून दोन दिशांना पळते; वास्तविक त्रिभुज प्रदेशासारखे अपवाद सोडले तर प्रवाह खाली येताना एकमेकांत मिसळतात. यासाठी जाणते लोक आधी डोंगराची धार नक्की करतात, तिच्या दोन्ही अंगांचे पाणलोट ठरवितात, आणि मगच निळी रेघ मुखाकडून उगमाकडे हाताने ओढीत नेतात.