तीन अक्षरांवांचून गेलेला संदेश

बिनतारी संदेशविद्येच्या आरंभकाळीं जहाजांवरील यंत्रचालकांचा एक निराळा पंथच बनला होता. बहुतेक सारे विशी-पंचविशींतले तरुण. एकमेकांचीं तोंडें क्वचितच पाहिलेलीं. पण ठिपक्यारेघांच्या ठेक्यावरून ते परस्परांस ओळखीत आणि ‘ओ. एम्.’, म्हणजे ‘म्हातारबुवा’, अशी हांक मारीत. प्रत्येक अक्षर बोटानें वाजवावयाचें, तेव्हां काटकसर आलीच.

संकटाची खूण म्हणून मार्कोनी कंपनीनें १९०४ सालीं ‘सी. क्यू. डी.’ ठरविली. १९०६ च्या बर्लिन परिषदेनें ‘एस्. ओ. एस्.’ स्वीकारली, ती केवळ तिचा नाद कानाला चुकत नाहीं म्हणून. ‘आमचे जीव वांचवा’ हा अर्थ लोकांनीं मागाहून चिकटविला. तरीहि मार्कोनीचे चालक जुन्या खुणेलाच धरून राहिले.

‘एम्. एस्. जी.’ हें असेंच एक त्रिकूट. आरंभीं तें असलें कीं संदेश एका कप्तानाचा दुसऱ्या कप्तानास आहे, तो लागलीच पोंचविला पाहिजे, असें समजावयाचें. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं अकराच्या सुमारास ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या सिरिल इव्हान्सनें, कप्तानाच्याच सांगण्यावरून, ‘टायटॅनिक’ला कळविलें कीं, आम्ही बर्फानें वेढलों असून थांबलों आहों. मात्र तें गड्यानें गड्याशीं बोलावें तसें. आरंभीं तीं तीन अक्षरें नव्हतीं. ‘टायटॅनिक’वरील जॅक फिलिप्स उतारूंच्या खासगी तारा केप रेसच्या स्थानकाकडे धाडण्यांत गर्क होता. जवळून आलेल्या त्या मोठ्या नादानें त्याचें काम बिघडलें, आणि त्यानें इव्हान्सला गप्प राहावयास सांगितलें. इव्हान्सलाहि त्यांत अपमान वाटला नाहीं. पंथाची ती रीतच होती! थोडा वेळ ऐकून त्यानें यंत्र बंद केलें व तो निजला. ११ वाजून ४० मिनिटांनीं ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळलें.

फिलिप्सनें प्रथम ‘सी. क्यू. डी.’च वाजविली, नवी खूण त्याचा सहायक हॅरोल्ड ब्राइड यानें सुचविली. इव्हान्स झोंपलेलाच होता. १५०० हून अधिक माणसें बुडालीं, त्यांत फिलिप्सहि. तथापि सारा दोष या तरुणांच्या माथीं मारणें अन्यायाचें होय; त्या दिवशीं बर्फाच्या इतर सूचना कप्तानाच्या हातीं पडूनहि जहाजाचा वेग कमी झाला नव्हता.

त्याच वर्षीं जुलैंत लंडनच्या परिषदेनें ‘क्यू’नें आरंभ होणाऱ्या संज्ञांची यादी मान्य केली. तींत ‘क्यू. आर्. टी.’ म्हणजे ‘संदेश पाठविणें थांबवा’. हौशी बिनतारी मंडळी रात्रीं यंत्र बंद करतांना आजहि तीं अक्षरें वाजवितात.